कॉलेजचा ‘सातबारा’ वाचता येतो का?

जून महिना लागला की आमच्या कार्यालयात दोन प्रकारची माणसे येऊ लागतात. एक बियाणे-खताची चौकशी करणारी, आणि दुसरी पोरांच्या प्रवेशाची. दुसऱ्या प्रकारच्या माणसांचा माझ्या खात्याशी तसा काही संबंध नसतो. पण “साहेब, तुम्ही राहुरीला शिकलात, तुम्हाला त्यातलं कळतं,” असे म्हणून ती खुर्ची ओढून बसतात, आणि मलाही त्यांना नाही म्हणवत नाही.

मागच्या वर्षी पोळ्याच्या सुमारास निफाड तालुक्यातले एक जुने ओळखीचे शेतकरी आपल्या मुलीला घेऊन आले. त्यांचे नाव येथे देत नाही. आपण त्यांना नाना म्हणू. दोन एकर द्राक्षबाग, एकरभर कांदा, घरी चार गाई. मुलगी नाशिकच्या एका कॉलेजात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला. हुशार पोर, दर वर्षी पहिल्या पाचात. पण त्या दिवशी डोळे सुजलेले होते.

“साहेब, पोरीचा रिझल्ट राखून ठेवलाय,” नाना म्हणाले. “प्रोजेक्ट म्हणे चोरलेला आहे. आमच्याच चाळीतल्या कांद्याची वजनं तिनं दर पंधरा दिवसांनी केली. मी स्वतः काटा धरला. मग चोरला कोणाचा?”

प्रकार असा होता. चाळीत साठवलेल्या कांद्याची घट किती होते यावर मुलीने प्रकल्प केला होता. तो कॉलेजच्या संगणक-खात्यात ठेवला होता. एका मैत्रिणीचे खाते बंद पडले, म्हणून हिने आपला पासवर्ड तिला दिला. मैत्रिणीने त्यातली पाने उचलली आणि आपला प्रकल्प आधी सादर केला. हिचा नंतर गेला. कॉलेजच्या यंत्राने दोन्ही ताडून पाहिले आणि ३८ टक्के मजकूर जुळतो असा शेरा दिला. जो नंतर आला तो चोर ठरला. यंत्राला मजकूर जुळला एवढेच कळते. काटा कोणी धरला हे त्याला कळत नाही.

मी विचारले, “कॉलेजचा याबाबतचा नियम काय आहे?”

बाप-लेक एकमेकांकडे पाहू लागली. मुलगी म्हणाली, “सर, तसा काही नियम आम्हाला दाखवला नाही.”

तिच्या मोबाइलमध्ये प्रवेश-अर्जाची प्रत होती. ती उघडून शेवटचे पान पाहिले. तेथे छापले होते की, संस्थेचे सर्व नियम आम्ही वाचले आहेत आणि ते आम्हाला मान्य आहेत. खाली मुलीची सही, आणि तिच्या खाली पालक म्हणून नानांची सही.

सोसायटीच्या कर्जाला जामीन राहताना नाना दहा वेळा विचार करतात. येथे मात्र न वाचताच सही झाली होती. दोष एकट्या नानांचा नाही. आपण सगळे तेच करतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्याला हे नवीन नाही

तंत्रज्ञान धोरण, म्हणजे कॉलेजची मुले ज्याला आयटी पॉलिसी म्हणतात ते, ऐकायला जड वाटते. पण नाशिक जिल्ह्यातल्या बागाईतदाराला त्याची गोष्ट सांगायला नको. २०१० साली आपली द्राक्षे युरोपात अडकली ती कशामुळे, ते आठवा. वेलीची शाकीय वाढ रोखण्यासाठी आपण वर्षानुवर्षे सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, वापरत होतो. त्याच्या अंशाची युरोपातली मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम अशी अत्यल्प होती. नियम तिकडे लिहिलेला होता, पण आपल्याकडे त्या रसायनाची तपासणीच होत नव्हती. माल परत आला, बागाईतदार कर्जात गेला, आणि मग सगळ्यांनी नियम वाचला.

आज तोच बागाईतदार औषधाच्या बाटलीवरचा रंगीत त्रिकोण पाहतो, फवारणी व काढणी यांतले दिवस मोजतो, अपेडाच्या ग्रेपनेटवर बागेची नोंदणी करतो. नियम वाचायची सवय आपल्याला लागली आहे, पण ती बांधावर राहिली. मुलांच्या शिक्षणापर्यंत ती न्यायची आहे, एवढेच.

धोरण म्हणजे नेमके काय?

कॉलेजात संगणक, इंटरनेट, मोबाइल, ईमेल, ऑनलाइन परीक्षा आणि विद्यार्थ्यांची साठवलेली माहिती या सर्वांचा वापर कोणी, कसा करावा आणि चुकल्यास काय होईल, हे सांगणारा कागद म्हणजे तंत्रज्ञान धोरण. ते एकाच ठिकाणी, एकाच नावाने असेल असे मात्र नाही. जमिनीवर जसे वरपासून खालपर्यंत अनेकांचे नियम लागू असतात, तसे येथेही तीन थर आहेत.

सर्वांत वर देशाचे आणि राज्याचे कायदे. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० हा त्यांतला मुख्य. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे हा या कायद्याच्या कलम ६६-क अन्वये गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. परीक्षेतल्या गैरप्रकारांसाठी महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा १९८२ पासून आहे.

मधला थर विद्यापीठ अनुदान आयोगाचा आणि विद्यापीठांचा. नाशिकच्या पालकांनी येथे विशेष लक्ष द्यावे, कारण आपल्या जिल्ह्यातली मुले एकाच विद्यापीठाखाली नाहीत. कला, वाणिज्य, विज्ञानाची बहुतेक कॉलेजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला जोडलेली आहेत. वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, परिचर्या ही कॉलेजे १९९८ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाखाली येतात, आणि त्याचे मुख्यालय आपल्या म्हसरूळलाच आहे. शेतकीची कॉलेजे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची किंवा त्याला संलग्न. आणि गंगापूर धरणाजवळ गोवर्धन शिवारात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. ते १९८९ साली स्वतंत्र कायद्याने स्थापन झाले. पुणे विद्यापीठासारख्या अकृषी विद्यापीठांना २०१६ चा महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम लागू आहे, आणि त्यात माहिती तंत्रज्ञान मंडळ नावाचे एक अधिकृत मंडळच सांगितले आहे. कृषी विद्यापीठांचा कायदा १९८३ चा, वेगळा. म्हणजे एकाच घरातला थोरला शेतकीला आणि धाकटी नर्सिंगला असेल, तर दोघांचे नियम निराळे. शेजारच्या मुलाने सांगितलेला नियम आपल्या मुलाला लागू होईलच असे नाही.

सर्वांत खालचा थर कॉलेजचा स्वतःचा. वसतिगृहात वायफाय रात्री किती वाजेपर्यंत, वर्गात मोबाइल चालतो का, प्रकल्प संगणकावर कसा सादर करायचा, हे सारे येथे ठरते. रोजचे प्रसंग याच थरावर घडतात, आणि हाच कागद सर्वांत कमी वाचला जातो.

कागद शोधावा कोठे?

नानांच्या मुलीने कॉलेजच्या संकेतस्थळावर “विद्यार्थी” या सदरात शोधले. तेथे गॅदरिंगचे फोटो होते, नियम नव्हते. मग आम्ही “आयक्यूएसी” हे सदर उघडले. तेथे नऊ पानांचे इंग्रजी धोरण मिळाले.

यामागचे कारण समजून घ्या. नॅक नावाची संस्था कॉलेजांचे मूल्यमापन करते. त्या तपासणीत संगणक-सुविधांची माहिती द्यावी लागते. म्हणून बरीच कॉलेजे धोरण तयार करून गुणवत्ता कक्षाच्या, म्हणजे आयक्यूएसीच्या किंवा नॅकच्या सदरात ठेवतात. कागद तपासनिसासाठी तयार झालेला असतो, पण तो विद्यार्थ्यालाही बांधतो. तेव्हा शोधताना पुढील क्रम ठेवावा.

१. प्रवेशाची माहितीपुस्तिका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विद्यार्थी तक्रार निवारण विनियमांनुसार संस्थेने ती प्रवेश सुरू होण्याच्या किमान ६० दिवस आधी प्रसिद्ध करावयाची असते, आणि तिच्यात शिस्तीचे नियमही द्यावयाचे असतात.

२. संकेतस्थळावरील आयक्यूएसी, नॅक, धोरणे किंवा पॉलिसीज ही सदरे. अभियांत्रिकी व व्यवस्थापनाच्या कॉलेजांत “मँडेटरी डिस्क्लोजर” नावाचे पान असते, तेही पाहावे.

३. ग्रंथालयाचे आणि वसतिगृहाचे नियम. इंटरनेटचा आणि नक्कल-तपासणीचा नियम पुष्कळदा ग्रंथालयाच्या पानावर असतो.

४. विद्यापीठाची परिपत्रके. ऐन परीक्षेच्या वेळी बदल होतो तो परिपत्रकाने होतो, पुस्तिकेतून नाही.

५. एवढे करूनही न मिळाल्यास प्राचार्यांना साधा अर्ज द्यावा: “आपल्या संस्थेचे संगणक व इंटरनेट वापराबाबतचे नियम मिळावेत.” अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व तारीख घ्यावी. तलाठ्याकडे अर्ज देताना आपण पोच घेतो ना, तसेच.

वाचावा कसा?

सातबारा हातात आला की शहाणा माणूस आधी क्षेत्र पाहत नाही. तो इतर हक्काचा रकाना पाहतो. बोजा तेथे असतो. धोरणाच्या कागदालाही असाच एक रकाना असतो. पहिली दोन पाने उद्दिष्टांची असतात. ती वाचून झोप येते आणि माणूस कागद मिटतो. खरा मजकूर पुढे, शिक्षा आणि अपवाद या भागांत असतो. तेव्हा पाच प्रश्न घेऊन बसावे.

हा नियम कोणाला लागू? कोणत्या तारखेपासून? काय केले असता तो मोडतो? मोडला हे कोण ठरवणार? आणि त्याच्यावर दाद कोणाकडे?

शब्दांकडेही नीट पाहावे. “संधी देण्यात येईल” आणि “संधी देता येईल” यांत एका शब्दाचा फरक आहे, पण पहिल्यात संस्थेवर बंधन आहे आणि दुसऱ्यात तिची मर्जी. इंग्रजी कागदात हे काम ‘शॅल’ आणि ‘मे’ हे दोन शब्द करतात. मुलांना हे दोन शब्द पेन्सिलीने अधोरेखित करायला सांगा.

नानांच्या प्रकरणात सहाव्या पानावर दोन वाक्ये सापडली. पहिले आमच्या विरुद्ध होते: विद्यार्थ्याने आपला पासवर्ड कोणालाही देऊ नये, दिल्यास खात्यावरून झालेल्या प्रत्येक गोष्टीला तोच जबाबदार. दुसरे आमच्या बाजूचे होते: कारवाईपूर्वी विद्यार्थ्याला तपासणी-अहवालाची प्रत देण्यात येईल आणि त्याचे म्हणणे ऐकण्यात येईल. मुलीला प्रतही मिळाली नव्हती आणि तिचे म्हणणेही कोणी ऐकले नव्हते. नाना म्हणाले, “म्हणजे कागदात आमची पण बाजू होती!” असतेच. पण वाचल्याशिवाय ती दिसत नाही.

चार ठिकाणी ठेच लागते

माझ्या पाहण्यात मुलांना ठेच लागते ती बहुधा पुढील चार ठिकाणी.

पहिले, खाते आणि पासवर्ड. मैत्रीत वही द्यावी, डबा द्यावा, गाडीही द्यावी. पासवर्ड देऊ नये. तो कोऱ्या चेकवर सही करून देण्यासारखा आहे. शिवाय कॉलेजने दिलेला ईमेल हा कॉलेजचा असतो. त्यावर देखरेख करण्याचा हक्क बहुतेक संस्था राखून ठेवतात, आणि शिक्षण संपल्यावर तो बंदही होऊ शकतो. महत्त्वाचे कागद स्वतःच्या खात्यात वेगळे ठेवावेत.

दुसरे, नक्कल. याविषयी आयोगाचे २०१८ चे विनियम आहेत. त्यांत प्रबंध व शोधनिबंधांसाठी पायऱ्या ठरवल्या आहेत. साधर्म्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावयाचे. ४० ते ६० टक्के असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध देण्यास मनाई. ६० च्या वर गेल्यास नोंदणी रद्द. पण मोजताना काय वगळायचे, तेही त्याच विनियमांत आहे. श्रेय देऊन घेतलेला उतारा, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायद्यांची नावे व प्रमाणित सूत्रे, आणि योगायोगाने जुळलेले सलग १४ शब्दांपर्यंतचे सर्वसामान्य वाक्य. म्हणून “इतके टक्के” एवढ्यावर घाबरून जाऊ नये. संपूर्ण अहवाल मागावा, आणि काय काय वगळले ते विचारावे. पदवीच्या प्रकल्पांना कॉलेज स्वतःची पट्टी लावू शकते. ती कॉलेजच्या धोरणात पाहावी.

याच्याच जोडीला आता कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. यंत्राला प्रश्न विचारला की तयार निबंध हातात. याबाबतचा नियम कॉलेजागणिक, कधी कधी प्राध्यापकागणिक वेगळा आहे. एक म्हणतो भाषा सुधारण्यापुरते चालेल, दुसरा म्हणतो अजिबात नको, तिसरा म्हणतो वापरा पण तसे लिहा. म्हणून प्रकल्प घेतानाच मार्गदर्शकांना विचारून उत्तर वहीत टिपून ठेवावे. दुसरी बाजूही सांगतो. “हे यंत्राने लिहिले आहे” असे ओळखणारी यंत्रेही चुकतात. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीनेच आपले असे ओळखयंत्र अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. तेव्हा अशा यंत्राच्या एकट्या साक्षीवर कोणा मुलाला दोषी धरले जात असेल, तर नम्रपणे दुसरा पुरावा मागावा. आणि यंत्राला वाईट म्हणण्याचेही कारण नाही. महाराष्ट्र शासनाने २०२५ साली शेतीसाठी महाकृषी-एआय धोरण मंजूर केले आहे. उद्या हीच मुले ते आपल्या बांधावर आणणार आहेत. प्रश्न वापरण्याचा नाही, सांगून वापरण्याचा आहे.

तिसरे, मुलांची माहिती. आधार, जात प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, बँक खाते, फोटो हे सारे आपण कॉलेजला आणि महाडीबीटीला देतो. ते कोण पाहते, किती दिवस ठेवते, बाहेरच्या कंपनीला देते काय? डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यांतल्या मुख्य तरतुदी त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हावयाच्या आहेत. त्यानुसार माहिती कशासाठी घेतली हे सोप्या भाषेत सांगावे लागेल. ती सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, मागता येईल. चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क मिळेल. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची पडताळलेली संमती लागेल. अकरावी-बारावीच्या आणि पदविकेच्या मुलांच्या पालकांनी हे ध्यानात ठेवावे. व्हॉट्सअॅपच्या गटावर आधारचा फोटो टाका असे कोणी म्हणाले, तर टाकू नये. कार्यालयात नेऊन द्यावा.

चौथे, शोधाची मालकी. हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. आपली पोरे हिकमती आहेत. कोणी फवारणीचे यंत्र सुधारतो, कोणी कांदा प्रतवारीची चाळणी बनवतो. तो शोध कोणाचा? केंद्र शासनाच्या शिक्षण खात्याचे २०१९ चे विद्यार्थी व प्राध्यापकांसाठीचे नवोपक्रम व स्टार्टअप धोरण सांगते की, संस्थेची साधने किंवा पैसा मोठ्या प्रमाणावर वापरला असेल, अथवा शोध अभ्यासक्रमाचा भाग म्हणून झाला असेल, तर मालकी शोधकर्ता आणि संस्था यांची संयुक्त. अभ्यासक्रमाबाहेर, संस्थेची साधने न वापरता केला असेल तर मालकी पूर्णपणे शोधकर्त्याची. म्हणजे तेच यंत्र घरच्या पडवीत बनवले की एक हिशेब, कॉलेजच्या कार्यशाळेत बनवले की दुसरा. कॉलेजने हे धोरण स्वीकारले आहे काय, आणि कोणत्या अटींवर, हे यंत्र बनवण्याआधी पाहावे. वाटणीचा वाद पीक आल्यावर काढू नये, पेरणीआधीच मिटवावा.

मुक्त आणि ऑनलाइन शिक्षणाविषयी

आपल्या भागात शेती सांभाळून शिकणारी मुले-मुली आणि संसार सांभाळून शिकणाऱ्या सुना पुष्कळ आहेत. मुक्त विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले यांनी “ज्ञानगंगा घरोघरी” नेण्याचे काम येथूनच सुरू केले. त्या गंगेचे पाणी अनेक घरांत पोचले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

पण मुक्त शिक्षणाचे नाव घेऊन आज कोणीही मोबाइलवर जाहिरात करतो. घरबसल्या पदवी, परीक्षा नाही, पैसे भरा. अशा वेळी एक नियम पाठ असावा. दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणाबाबत आयोगाचे २०२० चे विनियम आहेत. त्यांनुसार अभियांत्रिकी, वैद्यकीय, दंत, औषधनिर्माण, परिचर्या यांसारख्या अभ्यासक्रमांबरोबरच कृषी आणि फलोत्पादन या विषयांच्या पदव्याही दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने देता येत नाहीत. “घरबसल्या बी.एस्सी. अॅग्री” असे कोणी विकत असेल, तर तो माल खोटा समजावा. इतर अभ्यासक्रमांच्या बाबतीतही, ते वर्ष आणि तो विषय यांना मान्यता आहे काय, हे आयोगाच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत पाहूनच पैसे भरावेत. बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल आणि लॉट नंबर पाहतो तसे.

दाद कोठे मागावी?

आयोगाच्या २०२३ च्या विनियमांप्रमाणे संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते. तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो. समाधान न झाल्यास विद्यापीठाच्या लोकपालांकडे १५ दिवसांत अपील करता येते. लोकपालांचे नाव विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असते.

नियमच मिळत नसेल तर माहिती अधिकार कायदा, २००५ आहे. दहा रुपयांचे शुल्क आणि ३० दिवसांची मुदत. महाराष्ट्रात हा अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत असावा लागतो. त्यात रागलोभ लिहू नये, कागदाचे नाव लिहावे. विनाअनुदानित खासगी कॉलेज “आम्हाला हा कायदा लागू नाही” असे म्हणाले, तर त्या कॉलेजची जी माहिती विद्यापीठाला नियमाने मागवता येते ती विद्यापीठाकडून मागावी. दुसऱ्या अपिलासाठी राज्य माहिती आयोगाचे खंडपीठ नाशिकातच आहे, मुंबईला हेलपाटा नको.

मात्र पहिल्याच दिवशी लोकपाल आणि माहिती अधिकार काढू नये. प्राध्यापकही माणसेच आहेत, आणि पुष्कळांना आपल्याच कॉलेजचे धोरण माहीत नसते. आधी कागद घेऊन शांतपणे भेटावे.

नानांच्या मुलीचे काय झाले?

मुलीने त्याच दिवशी माझ्या टेबलावर बसून एक पानाचा अर्ज लिहिला. पासवर्ड दिल्याची चूक तिने पहिल्याच वाक्यात कबूल केली. मग सहाव्या पानावरचा नियम उतरवून अहवालाची प्रत आणि म्हणणे मांडण्याची संधी मागितली. जोडीला दोन पुरावे दिले. संगणकातल्या फाइलीचा तारीखवार इतिहास, आणि एक मळकी वही. त्या वहीत चाळीतल्या कांद्याची वजने पंधरा-पंधरा दिवसांनी टिपलेली होती, काही पाने बापाच्या हस्ताक्षरात. एका पानावर चहाचा डाग होता, आणि खाली नानांनी लिहिले होते, “आज पाऊस, काटा ओला.”

समितीने ती वही हातात घेऊन पाहिली. नक्कल केल्याचा ठपका गेला. पासवर्ड दिल्याबद्दल लेखी समज मिळाली, आणि ती योग्यच होती. निकाल लागला, पण दोन महिने उशिरा. तोवर ज्या एम.एस्सी.च्या प्रवेशाची ती वाट पाहत होती, त्याची फेरी संपून गेली होती. पोरीचे एक वर्ष गेले. या वर्षात तिने बापाबरोबर चाळ सांभाळली, आणि वजनाची वही पुन्हा सुरू केली.

ते वर्ष वाचले असते काय? प्रवेशाच्या दिवशी बाप-लेकीने ती नऊ पाने वाचली असती, तर वाचले असते असे मला वाटते. नऊ पाने म्हणजे संध्याकाळचा एक तास.

यंदा नानांचा धाकटा मुलगा पदविकेला जात आहे. परवा नाना आले ते अर्ज घेऊन. सहीची जागा कोरी होती.

“साहेब, पोरगं म्हणतं सही करा, आज शेवटची तारीख. मी म्हटलं, आधी नियम दाखव. त्याला सापडेना. म्हणून दोघं इथं आलो.”

मी चष्मा लावला. मुलाने मोबाइल काढला. नानांनी खिशातून पेन्सिल काढून टेबलावर ठेवली, आणि आम्ही तिघे वाचायला बसलो.